थंडरबर्डचं तिसरं चाक

गाडी पडली तेव्हा ती चालत नव्हती, उभी होती. दाभोळकर कॉर्नरला लाल सिग्नल लागला, मी थांबलो, वीस-पंचवीस वर्षांच्या सवयीनं डावा पाय खाली सोडला, आणि पाय टेकला खरा पण पंजा आत दुमडला आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश डाव्या अंगाला झुकत गेली. थंडरबर्ड ३५०, रॉयल एनफिल्डची, म्हणजे बुलेटच्याच घराण्यातली, पेट्रोलसकट १९० किलोच्या वर जाते. एकदा ती ठरावीक कोनाच्या पुढं गेली की धडधाकट माणसालाही आवरत नाही, मला कुठून आवरणार. दोन रिक्षावाले धावत आले, त्यांनी गाडी उचलली, मला उचललं, एकानं पाणी दिलं. लागलं काहीच नाही. पण त्या दिवशी घरी आलो आणि किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली ती सात महिने हलवली नाही.

२०१९ साली अपघात झाला होता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या वर जे बारीक हाड असतं तिथून एक शीर जाते, ती दबली. डॉक्टर त्याला फूट ड्रॉप म्हणतात, पंजा वर उचलता येत नाही, चालताना टोक जमिनीला घासतं. मांडीत ताकद आहे, टाच दाबता येते, पण घोट्यावर भरवसा नाही. आता मोटरसायकल चालवताना पाय खरा कधी लागतो? धावताना नाहीच लागत. लागतो तो थांबताना, ते दोन-चार सेकंद. म्हणजे माझं सगळं फिरणं, स्पिती, कन्याकुमारी, कोकणातल्या त्या असंख्य रविवारच्या फेऱ्या, हे सगळं त्या दोन-चार सेकंदांवर अडकलं होतं.

बायको म्हणाली, "अहो, अॅक्टिव्हाला ती बाजूची चाकं लावतात ना, तसं करा की." चुकीचं काहीच नव्हतं त्यात. दिव्यांग लोकांच्या स्कूटरला मागं दोन्ही बाजूंना छोटी चाकं लावलेली आपण रोज बघतो, शहरात ती उत्तम चालतात, किती लोकांची नोकरी त्या चाकांवर उभी आहे. मी तसल्या एका स्कूटरवर तासभर फिरूनही आलो. पण त्यात मूळचं मागचं चाक मधे तसंच असतं आणि इंजिनाची ताकद त्यालाच जाते. रस्त्याला मधे चर असेल तर बाजूची दोन चाकं कडेच्या उंचवट्यावर चढतात आणि मधलं चाक खड्ड्यावर लोंबकळत फिरत बसतं. गाव सोडून पन्नास किलोमीटरवर, पावसात, सामान बांधलेल्या अवजड गाडीवर मला ते नको होतं. मला मागं दोनच चाकं हवी होती आणि दोन्हींना ताकद हवी होती. म्हणजे खरीखुरी ट्राइक.

परदेशात हे रेडिमेड मिळतं. होंडा गोल्डविंगसारख्या मोठ्या टूरिंग गाड्यांसाठी ट्राइकचे किट विकणाऱ्या कंपन्याच आहेत, पण त्या किटच्या किमतीत आपल्याकडं चांगली कार येते. तसं बघितलं तर तीन चाकांची मोटरसायकल ही काही नवी गोष्ट नाही. हार्ले डेव्हिडसननं सर्व्हि-कार नावाची तीनचाकी १९३२ पासून १९७३ पर्यंत बनवली. आणि आपल्या देशात तर हे गल्लीतल्या मिस्त्र्यांनी केलेलं काम आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या मोटरसायकलींना मागं दोन चाकं आणि बाकडी जोडून दिल्लीत फटफटी धावायची, प्रदूषणापायी १९९८ च्या सुमारास ती बंद झाली. सौराष्ट्रात छकडा, पुढं बुलेटचं तोंड आणि मागं ट्रॉली. हे लोक कुठल्या कॉलेजात गेले नव्हते, त्यांनी केलं, तर आपल्या कोल्हापुरात का होऊ नये? आमच्याकडं तर उद्यमनगर आहे. तिथं एका गल्लीत ओतकाम होतं, दुसऱ्या गल्लीत टर्निंग, तिसऱ्या गल्लीत वेल्डिंग, आणि तिन्ही गल्ल्यांत चहा मिळतो.

पण पान्याला हात लावायच्या आधी मी आरटीओत गेलो, आणि हे कुणी करणार असेल तर हात जोडून सांगतो, आधी तिकडं जा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, गाडीत मनानं बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तीसाठी बदल केलेल्या गाडीची, अॅडॅप्टेड व्हेइकलची, वेगळी व्याख्या त्यात आली. माझ्याकडं ४५ टक्क्यांचं सर्टिफिकेट होतं. मी हातानं काढलेलं ड्रॉइंग घेऊन गेलो होतो, तिथल्या साहेबांनी ते नीट बघितलं आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली, चॅसी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, कापायची नाही, चॅसीला वेल्डिंग करायचं नाही, जे काही जोडाल ते बोल्टनं जोडा. तेव्हा ती मला अडचण वाटली होती. नंतर कळलं की आख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची सूचना तीच होती.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. ज्यांच्याकडं काम दिलं ते उद्यमनगरातले मिस्त्री सातवीपर्यंत शिकलेले, वय बासष्ट, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. पहिल्या दिवशी माझं ड्रॉइंग त्यांनी लेथच्या बेडवर पसरलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "सर, मागची दोन चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलीसा तर गाडी वळायचीच न्हाई, सरळ जाणार."

अगदी खरं. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. किती जास्त? दोन चाकांत ११५ सेंटीमीटर अंतर धरलं तर एका पूर्ण चकरेत बाहेरचं चाक सव्वासात मीटर जास्त चालतं, आणि गंमत म्हणजे चक्कर छोटी घ्या नाहीतर रंकाळ्याएवढी मोठी घ्या, हा फरक तेवढाच राहतो, त्रिज्या गणितातून निघूनच जाते. हे मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर सोडवलंय, पण लेथच्या खाली फरशीवर खडूनं दोन वर्तुळं काढून मिस्त्रींना दाखवताना ते मला पहिल्यांदा खरं दिसलं. ते सव्वासात मीटर कुठंतरी जायला पाहिजेत. डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरांची जोडणी, नसेल तर ते टायर घासण्यात जातात आणि पुढचं चाक रेटत सरळ नेण्यात जातात.

मग डिफरन्शिअलचा शोध. ओम्नीचा मागचा अॅक्सल भंगारात सहज मिळतो, पण त्याला ताकद लांबीच्या दिशेनं, शाफ्टनं द्यावी लागते, आणि आपली बुलेट चेनवर चालते. शाफ्टवाल्या गाडीला तो सोयीचा. मग ई-रिक्षाचा अॅक्सल, त्यात मोटर अॅक्सलला समांतर बसते म्हणजे चेन लावता येईल, स्वस्तही होता, आणून पण ठेवला. रात्री घरी हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, मोटर मिनिटाला ३००० फेरे मारते आणि रिक्षा पळते ताशी २५ नं, म्हणजे आत साधारण दहास एकचं रिडक्शन बसलंय, मोटरच्या दहा फेऱ्यांना चाकाचा एक. आपली थंडरबर्ड टॉप गिअरला पंधरा-सोळाच्या वर गेली नसती. दुसऱ्या दिवशी परत केला.

शेवटी जमलं ते मारुती ८०० वर. तिच्या गिअरबॉक्सच्या पोटात जो डिफरन्शिअल असतो त्याच्यावर मोठा दातेरी गिअर बोल्टनं बसवलेला असतो. तो काढायचा आणि त्याच जागी आपलं चेन स्प्रॉकेट बसवायचं. दोन्ही बाजूंना तिचेच आखूड केलेले ड्राइव्ह शाफ्ट, तिचेच हब, तिचीच १२ इंची चाकं. अडचण एवढीच की डिफरन्शिअलच्या डब्याला खिडक्या असतात, आतले छोटे गिअर उघडे दिसतात, गिअरबॉक्सच्या तेलात बुडालेले असतात म्हणून त्यांना चालतं. उघड्यावर धूळ खाऊन आठवड्यात संपतील. त्यावर टर्नरमामांनी अॅल्युमिनियमची एक बाही कातून दिली, दोन्ही कडांना ओ-रिंग, आत गिअर ऑइल. ती बाही बसवताना मी तिथं होतो. मामांनी तिला एकदा हातानं लावून बघितलं, काढली, पॉलिश पेपर एकच फेरा फिरवला, परत लावली, आणि मग लाकडी हातोडीनं इतकं हळू ठोकलं की जणू झोपलेल्या माणसाला उठवताहेत. ती बाही आजवर एक थेंब गळलेली नाही.

ब्रेकचा प्रश्न आपसूक सुटला. थंडरबर्डची मागची डिस्क होतीच, ती स्प्रॉकेटच्या शेजारी त्याच डब्यावर बसवली, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर मूळचेच. एक डिस्क, ब्रेक दोन्ही चाकांना. चाकांचा टायरसकट व्यास आधीच्या ६५ सेंटीमीटरवरून ५१ वर आला होता, लहान चाकामुळं तोच ब्रेक रस्त्यावर जास्त जोरात लागतो, आणि गाडीचं वजन वाढलं होतं तेवढी भरपाई त्यानं बऱ्यापैकी केली. पार्किंग ब्रेकचा मात्र मी विचारच केला नव्हता. बाईक स्टँडवर उभी राहते, ती कुठं जात नाही. ट्राइक उतारावर न्यूट्रलला सोडली की निघाली. पहिले दोन महिने मी बाभळीची एक पाचर सोबत घेऊन हिंडलो, आता ब्रेकच्या पॅडलला खटका बसवलाय, तरी पाचर डिकीत असतेच.

हे सगळं पेलायला रुंद स्विंगआर्म, म्हणजे मागची चाकं धरून वर-खाली हलणारी चौकट. मूळच्या स्विंगआर्मच्या जागी, त्याच पिव्हटवर, म्हणजे चॅसीशी बिजागरीसारखा जिथं जोडतात तिथं, त्याच दोन शॉकअपवर, सगळं बोल्टनं. जाड सीमलेस पाईप, सीओटू वेल्डिंग, पिव्हटला रबरी बुश काढून गनमेटलचे. गिअरला टाच-पंजाचा लिव्हर होताच, गिअर वर टाकायला टाच दाबायची, खाली आणायला पंजा दाबायचा, उचलायचं काहीच नाही. माझा पाय जे करू शकतो तेवढंच त्याच्याकडून मागायचं.

मग वजन. हे करायलाच हवं होतं आणि बरेच जण करत नाहीत. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे, त्याच्या तीन प्लॅटफॉर्म काट्यांवर गुळाच्या ढेपा उतरवून आम्ही तीन चाकं चढवली आणि मी वर बसलो. पुढं १२२ किलो, मागं डावीकडं ११३, उजवीकडं १०५. एकूण ३४०, त्यातलं ६४ टक्के मागं. मिस्त्रींनी विचारलं ह्याचा उपयोग काय. मी परत खडू घेतला. तीन चाकं जिथं टेकतात ते बिंदू जोडले की एक त्रिकोण होतो, पुढं टोकदार, मागं रुंद. गाडीचं वजन जिथं एकवटलंय तिथून ओळंबा सोडला तर तो त्रिकोणाच्या आत पडला पाहिजे. तो मागं असेल तर दोन्ही बाजूंना भरपूर जागा. पुढं सरकला की जागा अरुंद, कारण त्रिकोणच तिथं अरुंद आहे. आता वळणात ब्रेक मारला तर काय होतं? वजन पुढं धावतं आणि वळणाच्या बाहेरही धावतं, दोन्ही एकदम, बरोबर त्या अरुंद कोपऱ्याकडं. ट्राइक पलटी होते ती अशी. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही, आणि सामान मागच्या अॅक्सलच्या वर, शक्य तेवढं खाली. मिस्त्री त्या खडूच्या त्रिकोणाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मग बॅटरी उजवीकडं घेऊया की, तिकडं आठ किलो कमी हाय." घेतली.

पहिल्यांदा चालवली ती कॉलेजच्या ग्राउंडवर. आणि मला चालवता आली नाही.

हे मला नीट सांगायचंय, कारण कुणी सांगितलं नव्हतं. दुचाकी वेगात असताना आपण तिला हँडल फिरवून वळवत नाही. डावीकडं जायचं असलं तर डावी मूठ हलकेच पुढं ढकलतो, गाडी डावीकडं कलते आणि कललेली गाडी आपोआप वळते. आपल्याला हे माहीतसुद्धा नसतं, शरीर करतं. ट्राइक कलत नाही. डावी मूठ पुढं ढकलली की हँडल उजवीकडं फिरतं आणि ती मुकाट उजवीकडं जाते. मी गोलपोस्टला वळसा घालायला गेलो आणि गाडी सरळ कुंपणाकडं निघाली, जितकं मी वळवायला बघतो तितकी जास्त कुंपणाकडं, कारण घाबरलेलं शरीर जुनंच करत होतं, आणखी जोरात. क्लच धरला, थांबलो. हात थरथरत होते. ज्या गोष्टीनं मला इतकी वर्षं वाचवलं होतं तीच आता मला खड्ड्यात घालत होती.

तीन आठवडे रोज सकाळी सहा ते सात ग्राउंडवर घासले. ओढायचं, ढकलायचं नाही. अंग आत झुकवायचं, गाडी नाही. ताशी २५-३०च्या दरम्यान पुढचं चाक थरथरायचं, डोकं हलवल्यासारखं, त्यावर स्टीअरिंग डॅम्पर बसवला, हँडल रुंद घेतलं. पुढच्या फोर्कचा कोन बदलला असता तर हँडल हलकं झालं असतं, पण त्यासाठी फोर्क धरणारे वेगळे योक बनवून घ्यायचे पैसे नव्हते, दंडाला व्यायाम होतो असं मानून घेतलं. आणि त्या तीन आठवड्यांत मला एका गोष्टीचं मनापासून वाईट वाटलं ते मी लपवणार नाही. कलणं गेलं. आंबोलीच्या घाटात एका वळणातून दुसऱ्या वळणात गाडी लोळवत नेणं, ते पोटातलं हलकं होणं, ते आता ह्या जन्मी नाही. मी त्यासाठी एका सकाळी ग्राउंडवर गाडी बंद करून बसून राहिलो होतो बराच वेळ.

पन्हाळ्याला सहा-सात फेऱ्या झाल्या आणि एका रविवारी धुताना डाव्या बाजूला, पिव्हटच्या जवळ वेल्डिंगच्या कडेला रंगावर केसासारखी रेघ दिसली. तिच्या कडेला किंचित तांबूस. मिस्त्रींना फोन केला, ते म्हणाले गाडी हलवू नका, मी येतो. येताना रॉकेलची बाटली आणि खडू घेऊन आले. रंग खरवडला, रॉकेलचा बोळा फिरवला, दहा मिनिटं थांबले, कोरड्या फडक्यानं लख्ख पुसलं, मग खडू घासून सगळा भाग पांढरा केला आणि आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो, म्हणजे ते उकिडवे, मी पाटावर. आधी काहीच नाही. मग पांढऱ्यावर एक ओली काळसर रेघ हळूहळू उमटली, भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. वरून दिसत होती त्याच्या तिप्पट.

चूक माझीच होती. एक चाक खड्ड्यात गेलं की रुंद स्विंगआर्मला पीळ बसतो, आणि तो सगळा पीळ पिव्हटपाशी एका कोपऱ्यात येतो, तिथं मी कोपरा तसाच कोरा ठेवला होता. वर-खाली होणारं वजन मोजलं होतं, पीळ मोजला नव्हता. आणि हे चॅसीत झालं असतं तर? तेव्हा मला आरटीओतल्या त्या साहेबांची आठवण आली. आठ बोल्ट काढले, स्विंगआर्म खाली आला, चॅसी जशीच्या तशी. नवा बनवला, कोपऱ्यांना गसेट, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, मधून एक आडवा पाईप पीळ घ्यायला. आता दर महिन्याला खडू आणि रॉकेल.

खर्च विचारतात सगळे. भंगारातला डिफरन्शिअल, शाफ्ट, हब मिळून ९,०००. टर्निंगचे ११,५००. वेल्डिंग आणि मिस्त्रींची मजुरी १५,०००, आणि त्यांनी ती कमीच घेतली. पाईप, बेअरिंग, टायर, चेन, डॅम्पर, मडगार्ड, रंग हे सगळं धरून एकूण ६७,९००. दुसरा स्विंगआर्म धरला तर पाऊण लाखाच्या आसपास. आणि चौदा महिने.

गेल्या जुलैत गगनबावड्याला गेलो. पंचावन्न किलोमीटर, धुकं इतकं की पुढच्या एसटीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. पूर्वी अशा धुक्यात, ओल्या रस्त्यावर थांबायचं म्हणजे पोटात गोळा यायचा. ह्या वेळी चहाच्या टपरीसमोर चिखलात थांबलो आणि दोन्ही पाय फूटपेगवरच होते. खाली टेकवायचे विसरलोच. तसाच बसून राहिलो, इंजिन चालू, बुलेटचा तो ठोका तोच, हँडलमधून हाताला येणारी थरथर तीच. निघताना मागं घ्यायची होती, बुलेटला रिव्हर्स नसतो. गोल्डविंगला १९८८ च्या मॉडेलपासून स्टार्टर मोटरवर रिव्हर्स आला, मी पण तसलं काहीतरी करायच्या विचारात आहे पण अजून बॅटरीचं गणित बसत नाही. टपरीवरच्या दोन पोरांनी रेटली.

मूळचा स्विंगआर्म आणि मागचं चाक माळ्यावर आहे, ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून. भंगारवाला दोनदा विचारून गेला. मी देणारच होतो. लेक यंदा अठराची झाली, तिनं शिडी लावून वर चढून ते पोतं उघडून बघितलं, बोटानं ग्रीस चाचपलं, आणि खाली येऊन म्हणाली, "पप्पा, आठच बोल्ट आहेत ना?"